सुनेचे घास

माझ्या सुनेला आतड्याचा आजार आहे, हे आम्हाला लग्नाआधीच माहीत होतं. पोरीने स्वतः घरी येऊन सांगितलं. क्रोन्स म्हणतात त्याला. आतड्याला सूज येते, जखमा होतात, मग जुलाब, रक्त, अशक्तपणा. पण गोळ्या चालू होत्या आणि दोन वर्षं काही त्रास नव्हता. मुलाचं मन तिच्यावर बसलेलं. मी म्हटलं, खरं बोलणारी मुलगी आहे, येऊ दे घरात. तेव्हा माझी मीच मला फार थोर वाटले होते.

ती पनवेलला आमच्या घरात आली आणि जेवेना.

मी उरणकडची, मिठागरवाल्यांची मुलगी. आमच्यात माणूस पोटभर जेवला की घरातला झाला. आणि ही पुण्याची. अर्धी भाकरी घ्यायची. चौथ्या घासाला पाणी प्यायची, सातव्या घासाला हात ताटातच रेंगाळायला लागायचा. "आई, पोट भरलं." अगं, कशाने भरलं? वाऱ्याने? कोळंबीचं कालवण केलं तर म्हणे तोंड आलंय, झोंबतं. मला वाटायचं, हिला आमच्या हातचं गोड लागत नाही, दुसरं काय!

आजार मनात आला नाही असं नाही. मुलाला विचारलं मी. तो म्हणाला, "जुलाब वगैरे काही नाहीत गं. थोडं पित्त आहे तिला." तिलाही तसंच वाटत होतं. पित्ताचं काय एवढं मोठ्या डॉक्टरांना सांगायचं, म्हणून ती दुकानातून गुलाबी औषध आणून दोन-दोन चमचे घ्यायची. झालं तर मग! आजार आतड्याचा, आतडं खाली, आणि खाली सगळं ठीक. म्हणजे उरले ते नखरे. असा माझा हिशोब.

तेव्हापासून मी तिचे घास मोजायला लागले. खोटं कशाला बोलू? डोळ्यांत तेल घालून मोजायचे. शेजारणीकडे तोंड सोडायला मला पुरावा हवा होता.

आमच्यात नव्या सुनेला नातेवाईक घरोघरी जेवायला बोलावतात. पानात टाकलं तर त्या घरच्या बाईचा अपमान. आपटा गावाला माझ्या थोरल्या बहिणीकडे निघालो तेव्हा रिक्षात मी तिला बजावलं, "इथे काही टाकायचं नाही हं. माझं नाक कापू नकोस." ती म्हणाली, "बरं, आई."

बहिणीने तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, तळलेली मच्छी, वर खीर, असं सगळं मांडलं. चार बायका भोवती बसून बघायला. "खा गं पोरी, लाजतेस काय? आमचं जेवान आवडलं नाय का?" सुनेने सगळं खाल्लं. ताट स्वच्छ! माझी छाती फुगली. बहिणीला म्हटलं, "बघ, माझी सून!" पोरीच्या कपाळावर घाम आला होता. तो मला दिसला, पण मी म्हटलं, तिखटाचा असेल.

परत येताना तिने रिक्षा थांबवायला लावली. रस्त्याकडेला बसली आणि भडाभडा ओकली. दुपारचं तर निघालंच, पण सकाळी घरून खाऊन निघालेले पोहेसुद्धा निघाले, जसेच्या तसे. मी पाठीवर हात ठेवला आणि चरकले. ब्लाउजमधून एकेक हाड लागत होतं. आणि त्या अवस्थेत ती मला म्हणते काय, "सॉरी, आई."

मुलगा ड्युटीवर होता, म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्या डॉक्टरांकडे मीच तिला घेऊन गेले. त्यांनी या वेळी तोंडातून नळी घालून आत पाहिलं. मग आम्हा दोघींना समोर बसवून म्हणाले, "हे नुसतं पित्त नाही. तोच आजार वरही आहे. हा आजार तोंडापासून शेवटपर्यंत कुठेही येऊ शकतो. जठर संपून लहान आतडं सुरू होतं, तिथे सूज आहे, वाट अरुंद झालीय. अन्न पुढे सरकतच नाही. औषध बदलू, इंजेक्शनं सुरू करू. पण मला सांगा, किती खाल्लं की पोट भरतं? कधीपासून?"

ती माझ्याकडे बघून खाली बघायला लागली. मग मीच बोलले. गणपतीपासून, म्हटलं. आधी बारा-पंधरा घास जायचे, दिवाळीत दहावर आली, आता सात. चौथ्या घासाला पाणी. तोंड चार वेळा आलं. मला सगळं पाठ होतं. डॉक्टर भराभर लिहीत गेले आणि शेवटी म्हणाले, "वा! सुनेवर एवढं लक्ष ठेवणारी सासू मी पाहिली नाही. अर्धं काम झालं माझं."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बाहेर बाकावर बसल्यावर मला राहवेना. म्हटलं, "अगं, मी काळजीने नव्हते मोजत. रागाने मोजत होते."

"माहीत होतं मला," ती म्हणाली. अगदी शांतपणे. "तुम्ही बघत असायचात ना, म्हणून मी दोन घास जास्तच खायचे. मग बाथरूममध्ये जाऊन..."

म्हणजे ते सातसुद्धा तिचे नव्हते. पाचच तिचे होते, दोन माझ्या भीतीचे. मला रडू आवरेना. आजारी ती, आणि पदराने डोळे पुसत बसलेली मी. तीच माझ्या हातावर थोपटत राहिली.

मग जरा वेळाने तिने विचारलं, "आई, आता मला नको असेल तेव्हा नको म्हटलं तर चालेल ना?"

तीस वर्षांची, शिकलेली, नोकरी करणारी मुलगी. मी नुसती मान हलवली. तिला हो म्हणायलाही मला तोंड नव्हतं.