शनिवार आणि फाटकी गाळणी

कुंडलिकचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा, कारण कल्याणजवळच्या मोहने गावातल्या त्याच्या चाळीत नळाला पाणी चारलाच यायचं. पिंप भरायचं, हंडे भरायचे आणि कॉन्ट्रॅक्टरच्या टेम्पोत बसून घोडबंदर रोडला लाद्या बसवायला जायचं. कामाला तो चोख. लादी रेषेत आहे किंवा नाही, अधलंमधलं त्याला चालत नसे.

त्या शनिवारी बायको, नीला, त्याच्याआधी उठली होती. चहा पुढे ठेवून म्हणाली, "आज पगार आहे. पिऊन आलात तर मी अमृताला घेऊन भावाकडे जाणार."

लेकीचे आणि स्वतःचे कपडे भरलेली पिशवी दाराशी ठेवलेली होती. धमकी जुनीच होती, पिशवी नवी. रविवारी विहारात पंचशील म्हणताना पाचवं, दारूचं शील आलं की नीला त्याच्याकडे बघे आणि तो आवाज बारीक करी. पण शनिवारी पगार हातात पडून परतताना टेम्पो माजिवड्याला थांबला की सगळे देशीच्या दुकानाशी उतरत. कुंडलिकही उतरे.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगचा नंबर दिला होता. तो त्याने नुसताच खिशात वागवला होता. त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत एकदाचा लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "कल्याणला दुर्गाडीजवळच्या शाळेत या, सात वाजता. नाव सांगायचं, दारू सुटत नाही म्हणायचं. फी नाही, काही नाही."

संध्याकाळी टेम्पो माजिवड्याला थांबला.

"उतर ना रे, कुंडलिक!" जोडीदार काळुराम खालून ओरडला.

"पाय दुखतोय."

"अरे, त्याचंच औषध घ्यायला चाललोय!"

कुंडलिक फळीला धरून बसून राहिला. बाकीचे पिऊन आले आणि त्यांचा वास कल्याणपर्यंत त्याच्या नाकाशी बसून आला.

शाळेच्या फाटकावर पाटी नव्हती. वॉचमनला दारूचं नाव कसं काढायचं? त्याने एवढंच विचारलं, "मीटिंग कुठे आहे?"

"पहिल्या मजल्यावर."

वर हॉल भरलेला. इस्त्रीचे कपडे, पुढे माइक. माइकवाल्याने त्याला बघून विचारलं, "आपण नवीन दिसता. नाव?"

कुंडलिकने माइक हातात घेतला. "मी कुंडलिक. माझी दारू सुटत नाही."

मग एक बाई म्हणाली, "कुठल्या विंगचे तुम्ही?"

ती मीटिंग एका सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटची होती. कल्याण-डोंबिवलीत हल्ली नुसतं 'मीटिंग' म्हटलं की माणूस तुम्हाला रीडेव्हलपमेंटलाच धाडतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दिवसभर असल्याच नव्या बिल्डिंगांत गुडघे घासणाऱ्या कुंडलिकला ते कळू नये?

"बाहेर काढा, पिऊन आलाय."

"बिल्डरने पाठवला असेल!"

तेव्हा कुंडलिकचं डोकं फिरलं. पहाटेपासून राबलेला, तो वास सोसून कोरडा आलेला, आणि हे लोक दारुडा म्हणून हाकलतात!

"पिऊन आलो नाही म्हणून तर इथे आलोय!" तो ओरडला आणि माइक टाकून दाराकडे वळला. खाली रस्त्यापलीकडे बारचे दिवे लागलेले होते. त्याचे पाय आता तिकडेच निघाले होते.

दाराजवळच्या खुर्चीतून एक म्हातारा उठला. "थांब. तुझी मीटिंग खाली, बालवाडीच्या खोलीत. मीही तिकडचाच."

"तानाजीराव, तुम्ही?" शेजारचा म्हणाला.

"हो, मी. तुमचं ते टेरेसचं चालू द्या."

जिन्यात तानाजीरावांनी त्याला फैलावर घेतलं. "इतकी वर्षं सोसायटीत कुणाला पत्ता नव्हता. शनिवारी भजनाला जातो सांगायचो. तुला सरळ विचारता येत नाही, दारूवाली मीटिंग कुठे म्हणून?"

"लाज वाटली, काका."

"आणि माइकवर नाही वाटली?"

बालवाडीच्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन पंधरावीस माणसं बसली होती. कुंडलिकने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. इथे कुणी विंग विचारली नाही. "बस," म्हणाले आणि चहा दिला. पहिल्याच घोटात तोंडात चहाचा चोथा आला.

"इतकी माणसं जमता, एकालाही धड गाळणी आणवत नाही?"

"नाही आणवली," तानाजीराव म्हणाले. "जो बोलला त्याने आणायची. पुढच्या शनिवारी इथला चहा करायचं काम तुझ्याकडे."

घरी नीलाने दारातच त्याच्या तोंडाचा वास घेतला. पुन्हा घेतला. पगार ठेवून घेतला, पण पिशवी उपसली नाही. एक लादी सरळ बसली म्हणजे खोली झाली असं कुंडलिकही कधी म्हणाला नसता.

पुढच्या शनिवारी माजिवड्याला टेम्पो थांबला. या वेळी कुंडलिक उतरला.

"आला बघा वाघ!" काळुराम म्हणाला.

वाघ देशीचं दुकान ओलांडून भांड्यांच्या दुकानात शिरला. गाळण्या उजेडात धरून त्याने अंगठ्याने जाळी दाबून पाहिली आणि दोन परत केल्या. दुकानदार वैतागला. "गाळणीच आहे ना, दागिना आहे काय?"

"चोथा येता कामा नये," कुंडलिक म्हणाला. आणि त्या आठवड्याच्या पगारातली पहिली नोट त्याने लांब दांड्याच्या, बारीक जाळीच्या स्टीलच्या गाळणीवर मोडली.