आत बसून बघणारे रंगनाथ मिस्त्री

रंगनाथ मिस्त्रींनी कपाट बनवलं की आधी ते स्वतः त्यात उभे राहत. दार ओढून घेत, आतून दोनदा टकटक करत आणि बाहेर येऊन म्हणत, "दिलं." पलंग बनवला की त्यावर आडवे होत. त्यामुळे मी त्यांच्याकडून पहिला सौना बनवून घेतला तेव्हा ते पंचा गुंडाळून त्या तापलेल्या लाकडी खोलीत जाऊन बसले, याचं नवल फक्त मलाच वाटलं. अर्ध्या तासाने लालबुंद होऊन बाहेर आले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "भाऊ, बसल्याबिगर काय कळत नाय. आता दिलं."

नाशिकमध्ये लोकांच्या घरी सौना बसवून द्यायचा माझा धंदा आहे. मिस्त्री माझ्याकडे येण्याआधी सातपूरला मशिनांसाठी लाकडी खोकी बनवायचे. साठीला आलेले, बुटके, कानावर पेन्सिल आणि गुडघे कुरकुरणारे. माझ्याकडे सौना दोन प्रकारचे. पारंपरिक सौन्यात हीटरवर दगड असतात, त्यांवर पाणी शिंपडायचं आणि सगळी खोली भट्टीसारखी तापू द्यायची. इन्फ्रारेडमध्ये हवा फारशी तापत नाही, भिंतीतल्या पॅनेलची ऊब थेट अंगाला लागते. मोबाइलवर वाचून आलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न ठरलेला विचारतं, "दोन्हींतलं चांगलं कुठलं?"

मी माहितीपत्रक उघडायचो. मिस्त्री दुकानात असले तर हातातलं काम ठेवून मध्येच बोलायचे.

"ताई, दगडाची खोली आधी सोता तापती, मंग तुम्हाला तापवती. तिला पाऊण तास द्यावा लागतो, वायरिंग बी येगळं लागतं. पण घरची चार माणसं बसा, पाणी टाका, गप्पा मारा, लय मजा हाय. दिव्याची खोली, ही इन्फ्रारेडवाली, म्हंजी थंडीत उन्हाला पाठ देऊन बसल्यावानी. एकटं माणूस असलं, कामावर जायची घाई असली, तर ती घ्या. साध्या पिनवर चालती."

"आणि आजार बरे होतात का हो?"

"घाम येतो अन् बरं वाटतं. बाकीचं डॉक्टरला इचारा."

माझ्या माहितीपत्रकात पानभर फायदे छापलेले असायचे. मला राग यायचा, पण गिऱ्हाईक त्यांचंच ऐकायचं. खरं सांगायचं तर मी दोन्ही प्रकारांत कधी पाच मिनिटांच्या वर बसलो नव्हतो, माझा जीव घाबरा होतो. पुढे पुढे मी गिऱ्हाइकांना जे रंगवून सांगायला लागलो ते सगळं मिस्त्रींच्या अंगावर निघालेल्या घामातून आलेलं होतं. मी ते माझं म्हणून खपवत होतो.

गंगापूर रोडच्या एका बंगल्यात आम्ही दगडाचा सौना बसवला. मिस्त्री नेहमीप्रमाणे आत बसले होते. मीच त्यांना "बसून बघा" म्हटलं होतं. तेवढ्यात मालकीणबाई पाहुण्यांना घेऊन आल्या. काचेतून उघड्या अंगाचे मिस्त्री दिसले आणि बाईंचा चेहराच बदलला.

"हा माणूस आत काय करतोय? आम्ही अजून पाऊलसुद्धा टाकलं नाही!"

मी एवढंच सांगायचं होतं की मीच बसायला सांगितलंय, हे दर वेळी असं तपासतात. एका वाक्याचं काम होतं. पण पाहुणे माझ्याकडे बघत होते. मी दार उघडून चढ्या आवाजात म्हणालो, "मिस्त्री, कुणाला विचारून बसलात? बाहेर या. आणि तो बाक धुऊन काढा."

त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. ओल्या अंगावर शर्ट चढवला, बादली आणली आणि बाक धुतला. मग पुन्हा एकदा धुतला. निघताना बाईंना म्हणाले, "ताई, वाफेनं लाकूड फुगतं, दार धरतं. म्हणून मी तीनदा पाणी टाकून बघितलं. नुसत्या कोपराच्या धक्क्यानं उघडतंय. पोरंबाळं आत गेली तरी भ्या नाय." बाई तोवर पाहुण्यांना बाग दाखवायला निघाल्या होत्या.

टेम्पोत मी म्हणालो, "मिस्त्री, गिऱ्हाइकासमोर असं बोलावं लागतं हो."

"बरोबर हाय भाऊ," ते म्हणाले.

त्यानंतर ते कुठल्याच सौन्यात बसले नाहीत. दगडांवर पाणी टाकायचे, दार लावायचे आणि बाहेर उभे राहून पुन्हा पुन्हा ते उघडून बघायचे. मग म्हणायचे, "झालं." पूर्वीचं "दिलं" पुन्हा ऐकू आलं नाही. मला ते तिसऱ्या कामालाच लक्षात आलं होतं. "मिस्त्री, बसा की" एवढं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. ते थकले असतील, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो. त्यात दोन हिवाळे गेले.

यंदा दिवाळीनंतर ते झोपेतच गेले. मी सातपूरला त्यांच्या घरी भेटायला गेलो. शेजारपाजारची माणसं बसली होती. मिस्त्रींच्या बायकोला, काकूंना, मी पहिल्यांदाच बघत होतो, त्यांनी मात्र मला लगेच ओळखलं.

"तुम्हीच ते भाऊ ना? लय नाव काढायचे तुमचं. थंडीत गुडघे धरायचे त्यांचे. मी म्हणायचे, वीट तापवून देते, शेका. तर म्हणायचे, नको गं, आज भाऊंनी दगडाच्या खोलीत बसवलं व्हतं, मोकळे झाले."

"कधीपर्यंत म्हणायचे?" मी विचारलं.

"आवो, आत्ता दिवाळीपर्यंत. भाऊ मला बसवल्याबिगर कुणाला खोली देतच नाय म्हणायचे." त्या शेजारणींकडे वळल्या आणि परत माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खरं ना, भाऊ?"

सगळे माझ्याकडे बघत होते. लाजेने माझे कान तापले. या माणसाने दोन वर्षं घरी जाऊन, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, माझी अब्रू राखली होती.

"हो काकू," मी म्हणालो. "ते बसल्याशिवाय मी कधी खोली दिली नाही."

काकूंनी डोळे पुसले आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या.