कुंकवाचं बटण

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण माणसाची गोष्ट सांगायची आन नावच सांगायचं नाय, मग ऐकणाऱ्यानं काय समजायचं? म्हणून एकदाच सांगून टाकते, कडूबा. ह्याच्यापुढं मी 'हे' म्हणणार, तुम्ही समजून घ्या.

पडेगावात, दौलताबादच्या रस्त्याला लागून आमचं पत्र्याचं शेड हाय. अर्ध्यात ह्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं काम चालतं आन अर्ध्यात माझी शिलाई मशीन. मी गाड्यांचे सीटकव्हर शिवते. लांबलांबची माणसं माझं नाव विचारत येतात. ह्यांना त्याचा लई आनंद. आनंद झाला की हे गिऱ्हाइकाला चहा पाजायला बसवतात, आन तो चहा करायला मशीनवरून उठायचं मी! कितीदा सांगितलं, आनंद जरा बेतानं करत जा. ऐकतील तर ते हे कसले.

तसं माणसांशी ह्यांचं बोलणं कमीच. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करता करता हा धंदा शिकले, तेव्हापासून सगळा जीव तारांमधी. गाडीखाली निजून वायरींशी बोलत राहतात. "कुठं निघालीस तू, इकडं ये, घाबरू नको." सूत जुळलं ते माझ्याशी, पण असं लाडीगोडीनं माझ्याशी एकदाबी बोलले नाहीत. मी तोंडावर सांगते त्यांना हे. ते हसतात आन परत गाडीखाली सरकतात.

एक खोड मात्र लई पक्की. हत्याराच्या पेटीत पकडीशेजारी कुंकवाची डबी. हॉर्न बसवू द्या की पुढचा दिवा बदलू द्या, काम झालं की तिथं हळदीकुंकवाचं बोट लागणार, आन पहिल्यांदा चालू करणार तो गाडीचा मालक. मिस्त्रीनं आधी चालू केलं तर काम टिकत नाय, असं ह्यांचं म्हणणं. आजवर ह्या खोडीनं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

भानुमतीबाई आल्या त्या सीटकव्हरसाठी. शाळेत शिकवायच्या, आता रिटायर. क्रांती चौकाच्या मागच्या बाजूला त्यांचं घर. गाडी स्वतः चालवायच्या, शेजारी त्यांचे मालक वैजनाथराव. एके काळी बँकेत मोठे साहेब होते म्हणे. आता विसरण्याच्या आजारानं माणूस पार कोरा झाला होता. बायकोलाच "आपण कोण?" असं अदबीनं विचारायचे. घरात बेचैन असायचे, पण गाडीत बसवलं की निवांत. म्हणून बाई रोज त्यांना दौलताबादपर्यंत फिरवून आणायच्या. फक्त बसल्या जागी ते नखानं सीटचे धागे उपटायचे, आन सीटची अगदी चाळण झाली होती.

मी जाड रेक्झिनचं माप घेत होते तेव्हा बाईंनी आपलं दुखणं सांगितलं. घराच्या खाली गॅरेज, त्याला मोटारीचं शटर. पुण्याला राहणाऱ्या मुलानं, मधुसूदननं, ते रिमोटवर बसवून दिलं होतं, आईला उतरायला लागू नये म्हणून. पण वैजनाथरावांच्या हाताला सुटी वस्तू लागली की संपलं. चष्मा, किल्ली, रिमोट, जे दिसेल ते खिशात, नाहीतर खिडकीतून बाहेर. रिमोट गेला की बाईंना उतरून हातानं शटर वर करावं लागायचं, आन त्यांची पाठ वळली की वैजनाथराव दार उघडून रस्त्यावर. एकदा तर भर रहदारीत जाऊन उभे राहिले. तेव्हापासून मुलानं पुण्यातलं एक केंद्र बघून ठेवलं होतं, अशाच माणसांना सांभाळणारं. आणखी एकदा बाबा हरवले तर मी त्यांना घेऊन जाणार, असं त्यानं आईला सांगितलं होतं.

"त्याचं चुकत नाही हो," बाई म्हणाल्या. "पण सारजाबाई, ह्यांच्याशिवाय त्या घरात मी काय करू?"

मी मापाची फीत उगीच परत परत गुंडाळत बसले.

हे गाडीखालून सगळं ऐकत होते. बाहेर आले, हात पुसले आन म्हणाले की नवा रिमोट आणा, मी तो गाडीच्या पोटातच बसवतो, मग कुणाच्या हाताला लागायचा प्रश्नच नाय.

आन केलंबी तसंच. रिमोट खोलला, आतली नखाएवढ्या भागांची हिरवी पट्टी काढली. तिच्यावरच्या बटणाच्या दोन टोकांना केसासारख्या बारीक तारा सोल्डरनं डकवल्या. गाडीत गिअरच्या पुढं बटणांची रांग असते, त्यात एक जागा कंपनीनं रिकामी ठेवलेली असते, नुसतं झाकण लावून. ते झाकण काढून तिथं खरं बटण बसवलं आन तारा आतून त्याला जोडल्या. पट्टी टेपमधी गुंडाळून आत खोल बांधून टाकली. सेल बदलायची कटकट नको म्हणून करंट गाडीच्या बॅटरीवरून दिला. तोबी डायरेक्ट. म्हणजे चावी असो नसो, बटण दाबलं की शटर हलणार. दारात गाडी बंद पडली तर बाईंची पंचाईत व्हायला नको, एवढाच त्यात विचार.

काम तपासायला शटर पायजे, म्हणून आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. मला कव्हरबी चढवायचं होतं. ह्यांनी पेटीतली डबी काढली, नव्या बटणाला कुंकू लावलं आन वैजनाथरावांसमोर हात जोडले. मी हळूच म्हणलं, अवो, गाडी बाई चालवतात, बाईंच्या हातून करा. तर म्हणे मालक समोर बसलेत की. आता बोला!

वैजनाथराव त्या लाल ठिपक्याकडं बघत राहिले. त्यांचे वाडवडील पूजाअर्चा करणारे. बाकी सगळं पुसलं गेलं तरी कुंकू ओळखीचं राहिलं असेल. त्यांनी नमस्कार केला, बोट ठेवलं, आन शटर खडखडत वर गेलं. हा माणूस मोठ्यांदा हसला. बाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांना असं हसताना बघून लई दिवस झाले, म्हणाल्या. परत येताना हे स्कूटरवर गुणगुणत होते, आन हे गुणगुणतात म्हणजे काय ते मला विचारा.

पुढं काही दिवस बरे गेले. मग एका दुपारी फोन आला. उन्हाळ्याचे दिवस, डांबर मऊ पडलेलं. फोन बाईंचा होता. त्यांना जरा डोळा लागला होता. उठून बघतात तर मालक घरात नाहीत, गॅरेजचं शटर सताड उघडं, गाडीचं दार उघडं, चपला गाडीतच.

घरातून गॅरेजमधी जायचं दार त्या लावत नव्हत्या. शटर बंद असलं की तिथून बाहेर पडायला वाटच नाय, मग कशाला लावतील? आपल्या घरातल्या गाडीला कुलूप तरी कोण घालतं? वैजनाथराव गाडीत जाऊन बसले असणार, कुंकू दिसलं असणार, नमस्कार करून बटण दाबलं असणार.

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एकच शब्द बोलले, "डायरेक्ट." मला सगळं समजलं. चावीवर करंट दिला असता तर बंद गाडीत ते बटण मेल्यासारखं पडून राहिलं असतं. मी रागानं काहीतरी बोलणार होते. पण त्यांचा चेहरा बघितला आन गप स्कूटरवर बसले.

कुठं कुठं नाय शोधलं! दुकानदार, हातगाडीवाले, बसस्टॉपवरची माणसं, सगळ्यांना विचारलं. हे एरवी कुणाला वाट विचारायची तरी लाजतात, त्या दिवशी भर रस्त्यात गाड्या अडवून विचारत होते. शेवटी क्रांती चौकाच्या अलीकडं एका झाडाखाली एक रिक्षा उभी दिसली. रिक्षावाला पुढं उभा, आन त्याच्या सीटवर वैजनाथराव. अनवाणी पाय पोळून लाल झालेले. रिक्षावाल्यानं त्यांच्या पायावर पाणी ओतलं होतं, चहा आणून दिला होता.

"चचा उतरतेच नहीं," तो म्हणाला. "घर खोलने का बटन कां है, बोलके पूछ रहे कब से."

हे तिथंच फुटपाथवर बसले आन लहान लेकरासारखे रडले. लग्न झाल्यापासून मी ह्यांना रडताना बघितलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुसूदन पुण्याहून आला. त्याचा निरोप आला की ते बटण काढून टाका, आता त्याची गरज नाही. म्हणजे काय ते आम्हाला समजलं. ह्यांनी रात्रीपासून पोटात घास घातला नव्हता. मीबी बरोबर गेले. म्हणलं, हे तोंड उघडणार नाहीत, मुलगा चार शब्द बोलेल आन हे ऐकून घेतील, तेव्हा चार शब्द बोलायला मी असलेली बरी. पण मुलाला बघून माझंच तोंड बंद झालं. डोळे सुजलेले, जमिनीवर बसून बापाच्या पायाला मलम लावत होता.

बोलले ते हेच.

"दादा, चूक वडलांची नाय, माझी हाय. बटण चावीवर द्यायला पायजे होतं, मी डायरेक्ट दिलं. त्यांनी दार उघडलं नाय, मीच उघडं ठेवलं. माझ्या चुकीपायी त्यांना घराबाहेर नका काढू."

मधुसूदन म्हणाला की काका, घराबाहेर काढायला मला बरं वाटतंय का? पण आईचंही वय झालंय. बाबांना आता काहीच उमगत नाही. काल ते वाचले, उद्या काय?

त्याला खोटं कोण पाडणार? मी बाईंकडं बघितलं. बाई उठल्या आन ह्यांना म्हणाल्या, "तुम्ही करंट चावीवर द्या. मग काय ते ठरवू."

ह्यांनी करंट बदलला. चावी काढून बटण दाबून दाखवलं, शटर ढिम्म. चावी फिरवली तेव्हाच हललं. आता चावी बाईंच्या कमरेला, आन गाडीला कुलूप. सगळं झाल्यावर ह्यांनी फडकं घेतलं, कुंकू पुसायला. बाईंनी त्यांचा हात धरला. त्यांना एवढं एकच समजतं, म्हणाल्या, राहू दे.

मग तिघं गाडीत बसून निघाले, बाई गाडी चालवायला, शेजारी वैजनाथराव, मागं मुलगा. चौकापर्यंत जाऊन यायचं आन दारात आल्यावर वैजनाथरावांना बटण उमगतं का ते मुलानं डोळ्यांनी बघायचं, एवढंच ठरलं होतं. शटर खाली होतं. आम्ही दोघं बाजूला उन्हात उभे. हे तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते, वायरीशी की देवाशी, देव जाणे.

गाडी येऊन शटरसमोर थांबली. काचा खाली होत्या. वैजनाथराव समोर बघत बसले. कुंकवाकडं बघेनात, बटणाला हात लावेनात. मागं मधुसूदननं सुस्कारा टाकला, आपल्या बाजूचं दार उघडलं आन एक पाय खाली ठेवला. बाईंना काय सुचलं कोण जाणे, त्यांनीबी आपलं दार उघडलं, हातानं शटर उचलायला उतरावं तसं.

तेवढ्यात वैजनाथरावांनी त्यांचं मनगट धरलं.

"थांब भानू, तू नको उतरू. मी उघडतो."

त्यांनी बटणाला नमस्कार केला आन दाबलं. शटर वर गेलं. बाई मात्र तशाच अर्ध्या उघड्या दारात बसून राहिल्या. किती दिवसांनी त्यांचं नाव त्या तोंडातून आलं होतं, कुणास ठाऊक. मग माझ्याकडं बघून रडता रडताच हसल्या.

"जन्मभर फाटक उघडायला मीच उतरले हो, सारजाबाई. पाऊस असो, हा मधू पोटात असो. हे आपले आत बसून हॉर्न वाजवायचे."

मधुसूदननं पाय आत घेतला आन दार लावून घेतलं. मग म्हणाला, आई, मी केंद्रात फोन करून नको म्हणून सांगतो.

बाईंनी ऐकलं की नाय, देवाला माहीत. त्यांनी बटण दाबून शटर परत खाली आणलं, गाडी मागं घेतली, पार रस्त्याच्या कडेपर्यंत नेली आन तिथून हळूहळू परत दारात आणून उभी केली.

"अहो," त्या म्हणाल्या, "घर उघडता का जरा?"