विमलबाईच्या गोष्टीचं उत्तर

हे मी कोणालेच सांगतलं नाई. घरी नाई, आमच्या महिन्याच्या साहित्य-बैठकीत तर नाईच नाई — तिथी मी दर खेपेस उठून दुसरंच बोलतो. तुम्हाले सांगतो, कारण तुम्ही मले ओळखत नाई.

चंद्रपुरात बस स्टँडच्या मांगं माहं झेरॉक्स आन् टायपिंगचं दुकान हाये. सलीमभाऊ म्हणतात मले. लिहायचा नाद जुना. ही गोष्ट घडली तेव्हा बारा साल झाले होते — दर साली दिवाळी अंकाले कथा पाठवायची, दर साली ती वापस यायची. अब्बा म्हणायचे, बेटा, लोकायचे अर्ज टाईप करतो तेच बरं हाये. हसून म्हणायचे, पण लागायचं. मंग मी बैठकीत बोलायचो — तिकडल्या लोकायची टोळी असते, जंगलातल्या माणसाले कोण इचारते? टाळ्या भेटायच्या. मले ते खरंच वाटत होतं. वाटत होतं का? आता नाई सांगता येत.

विमलबाई मोहर्लीची. ताडोब्यात गाईड. सकाळची सफारी आटपली की दुपारच्या सफारीपर्यंत गेटाजोळ बसून लिहायची, जुन्या परमिटच्या पाठकोऱ्या कागदावर. पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा डब्याच्या पिशवीतून ते कागद काढले आन् म्हणाली, "भाऊ, तुम्ही लेखक हाय म्हणते लोकं. हे पाहा ना, जमलं काय?"

मले तोंडावर लेखक म्हणणारी ती पहिली. मी फुगलो. शिकवू लागलो — इथी परिच्छेद तोडा बाई, हे दोनदा आलं, शेवट ताणू नका. वर्षभर शिकवलं. एक पैसा घेतला नाई, हेही मनात मिरवत होतो.

मंग तिनं ती गोष्ट आणली. एका गाईडबाईले नाल्यात वाघीण दिसते, तीन बारकी पिल्लं घेऊन बसलेली. मांगं जिप्सीत पाहुणे हायेत, कॅमेरे घेऊन. आन् बाई म्हणते, इथी काही नाई, गाडी फिरवा. पाहुणे तिले नाई नाई ते बोलतात, ती ऐकून घेते. एवढंच. पहिली ओळ होती — आज मी खोटं बोलली. टाईप करता करता माहे हात थांबले. मले कळलं हे काय हाये. आन् पोटात दुखलं, सरळ सांगतो.

दोघांच्याही कथा एकाच अंकाले पाठवल्या. तिचा ईमेल नव्हता, म्हून दोन्ही दुकानाच्याच पत्त्यावरून. उत्तरं एकाच दुपारी आली. माही — साभार परत. तिची — घेतली. संपादकानं लिहिलं होतं, असं लिहिणारं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं, फोटो आन् परिचय पाठवा.

काय वाटलं असन मले? आनंद? मले दगा झाल्यावानी वाटलं. मी शिकवलेली बाई, माह्याच दुकानातून, माह्याच डोक्यावर पाय देऊन — आन् तो संपादक, बारा सालात ज्यानं मले दोन शब्द लिहिले नाई! दोघांनी मिळून केसानं गळा कापला, असंच वाटलं. कोणी कापला होता? कोणीच नाई. पण राग काही उतरेना, आन् मी टाईप करायले बसलो. "कथा मागे घ्यावी अशी माझी इच्छा आहे. क्षमस्व." शुद्ध मराठीत, खाली तिचं नाव. घंटाभरात उत्तर आलं — वाईट वाटले, पण ठीक आहे. मी लिहिलेलं तेवढंच एक आजवर कोण्या संपादकानं लगेच मान्य केलं.

विमलबाईले सांगतलं, दोघांच्याही वापस आल्या.

ती रडली नाई. रडली असती तर — काय माहीत, बोललोही असतो. एवढंच म्हणाली, "माही जाऊ द्या भाऊ. तुमची तरी छापाले पाहिजे होती."

पुढच्या खेपेस मूल गावाकडल्या माहेराहून पायलीभर नवे तांदूळ घेऊन आली. आपल्यासाठी जो राबला त्याच्या घरी नवं धान पोचवायचं, ही तिच्या घरची रीत. माह्या बायकोनं खीर केली. मी दोनदा मागून खाल्ली. हे काऊन सांगून राह्यलो? कारण चव अजून आठवते.

त्यानंतर तिनं कागद आणले नाई. मी इचारलंही नाई. बैठकीत मात्र बोलत राह्यलो, आपल्या भागाले डावलतात म्हून. कुंपणानंच शेत खाल्लं, आन् चोर चोर म्हून ओरडूनही तेच राह्यलं होतं. टाळ्या भेटतच होत्या.

परवा ती आली, ओळखपत्राची झेरॉक्स घ्यायले. सात साल झाले मधात. सोबत एक नवी गाईड होती, रंजना. रंजनानं लाजत लाजत सांगतलं की ती बी लिहिते, कुठी पाठवता येते काय? पिशवीतून कागद अर्धे काढलेही तिनं. मी काही बोलाच्या आधी विमलबाई बोलली. रागानं नाई. मोठी बहीण समजावते तसं, जंगलात गाडीतून कुठी उतरायचं नाई ते नव्या पोरीले सांगतात तसं.

"नको पाठवू वो. तिकडले लोकं आपलं नाई छापत. जीव दुखते मंग. माहं सोड, सलीमभाऊसारख्या माणसाचं बी वापस करते ते." आन् माह्याकडं पाहून म्हणाली, "काऊन भाऊ, खरं हाये ना?"

मी म्हटलं, हो.

रंजनानं अर्धे काढलेले कागद परत पिशवीत सारले.