सरायीतली चूल

सिरोंच्याच्या रस्त्यावरची जुनी सराय जपायची म्हणून पुरातत्त्व खात्यातर्फे तिला कुलूप मीच लावलं होतं. काजळी धरते म्हणून आतल्या चुलीही मीच बंद केल्या. दोन वर्षांत छपराच्या वाशांना कीड लागली.

कवेलू फेरायला, म्हणजे छपराची कौलं पुन्हा नीट लावायला, आलेला एक माणूस अनवाणी आत शिरला. वाशावर त्यानं काठीनं टकटक केली, खाली पडलेला भुसा चिमटीत घेऊन हुंगला आणि सरळ चूल पेटवली.

"अहो, इथे धुराला मनाई आहे!" मी ओरडलो.

"म्हणून तं कीड लागली, साहेब. मुसाफिराच्या सैपाकाच्या धुरानं हे लाकूड टिकलं. कुलपानं नाई टिकत."

मी दारावरची मनाईची लाकडी पाटी काढून आणली. त्यानं ती उलटसुलट पाहिली.

"चांगली वाळली आहे," म्हणाला, आणि चुलीत सारली.