अंगारकी आणि हॉलतिकीट

प्रमाणपत्र नसल्यामुळं दारातून परत फिरायची मला चांगली सवय आहे. सातवीत शाळा सुटली तेव्हापासूनची. दवाखान्यात झाडपूस करायला गेले, म्हणाले प्रमाणपत्र आणा. बचत गटात लिहायला बसते म्हटलं, तिथंही तेच. त्यामुळं फेब्रुवारीतल्या एका दुपारी मावशीच्या फोनावर लाल त्रिकोण आला आणि त्याखाली 'या साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रात समस्या आहे' असं लिहून आलं, तेव्हा खरं सांगते, मला क्षणभर बरंच वाटलं. म्हटलं, चला, एवढी मोठी परीक्षा घेणारी साइट, आणि तिचंही आपल्यासारखंच.

पण त्या साइटच्या आत माझं दहावीचं हॉलतिकीट होतं, आणि ते काढून घ्यायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती. त्यामुळं बरं वाटणं फार टिकलं नाही.

मी मूळची हसनाबादकडची. आता वाटूरला असते. जिल्हा एकच आहे, तरी लोक दुबईला जाऊन जेवढे परके होतात तेवढी मी एसट्या बदलून झाले. इथल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. वसतिगृहाच्या बाई चांगल्या आहेत. त्यांनीच एकदा कणीक मळताना शेजारी उभं राहून सांगितलं, की दहावी असेल तर नव्या वर्षात तुम्हाला कायम करता येईल, नसेल तर दुसरी बाई घ्यावी लागेल. वरून तसं आलंय. वरून आलेल्या गोष्टीला कुठून आली असं कुणी विचारत नाही. मी बाहेरून दहावीला नाव घातलं आणि चुलीपुढं बीजगणित सुरू केलं. भाकरी करपली की मुलींना कळायचं, आज समीकरण होतं.

राहते मावशीकडं. मावशी माझी नात्यानं कुणी नाही. फाट्याजवळ तिचं घर आहे, त्यातली एक खोली तिनं मला दिली, आणि खोलीबरोबर न मागता बाकीचंही दिलं. पहिल्या पावसाळ्यात मी तापानं पडले तर हिनं उशाशी बसून मला पेज पाजली. मी आभार मानले तर म्हणाली, "पुस्तकातलं बोलू नको माझ्याशी." तोंडावर चालत नाही म्हणून इथं लिहिते.

फोनही तिचाच. तिच्या पुण्याच्या लेकानं दिलेला, मोठा, बोटानं सरकवायचा. माझा आपला बटणांचा. परीक्षेचं नाव घातलं ते मावशीच्या फोनावरून, म्हणून साइटवर आत जायचं तेही त्यावरूनच. मावशी स्वतः त्यात दोनच गोष्टी करते: लेकाशी बोलते आणि पंचांग बघते.

आणखी एक सांगायला पाहिजे. मावशीच्या भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं आहे. फाट्यावरच्या बऱ्याच घरांत तसंच असतं. सगळ्यांना माहीत असतं की ते पुढं आहे, सगळे मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करतात, आणि शेवटी बस चुकायची ती चुकतेच. पण घड्याळ पुढं पाहिजे. फोन आल्यावर मावशी म्हणाली, "ह्याचं येक आन् भिंतीचं येक, हे घरात चालनार न्हाई." मग मी फोनात शिरून वेळ आपोआप घ्यायची खूण काढली आणि काटे हातानं पुढं केले. तिलाही दाखवून ठेवलं, कसं करायचं ते. मला वाटलं, चांगलं काम केलं.

तर हॉलतिकीट. गावाला लाइट देणारी डीपी आदल्या दिवशी जळाली होती. नवी कधी येणार याला उत्तर एकच, 'सांगितलंय'. टॉवर बॅटरीवर चालला होता म्हणून फोनाला तेवढं नेट होतं. मी लाल त्रिकोण हातात घेऊन ऑनलाइन सेंटरवर गेले. सेंटरवाले भाऊ दारात खुर्ची टाकून वर्तमानपत्रानं वारा घेत बसले होते.

"भाऊ, जरा पाहता का?"

"लाइट न्हाई, ताई."

"फोन पाहायचाय, भाऊ. फोनात आहे लाइट."

त्यांनी फोन घेतला, लांब धरला, जवळ धरला. "हे तर रोजचं हाय. खाली 'पुढे जा' दिसून राह्यलं न्हाई का? दाबायचं बिनधास्त."

"पण माहिती चोरीला जाईल म्हणतंय ते."

"तुमची?" भाऊंनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या मेथीच्या जुडीकडं. "ताई, चोरालाबी काही इज्जत असती."

"पासवर्ड जाईल ना."

"काय हाय तुमचा पासवर्ड?"

मी मेथीची जुडी दुसऱ्या हातात घेतली.

"बरं, नका सांगू. इथं समद्यांचा मीच टाकून देतो. गावाचं नाव आन् एक-दोन-तीन. म्हंजी कुनी विसरत न्हाई."

आख्ख्या गावाच्या दारांना एकच किल्ली लावून हा माणूस वारा घेत बसला होता. त्याचं बोट 'पुढे जा'च्या अगदी जवळ गेलं होतं, मी फोन ओढूनच घेतला. भाऊंना राग आला असावा. "शिकल्यावर मानूस भितं बघा," म्हणाले. सातवी नापासाला कुणीतरी शिकलेली म्हणाल्याची ती पहिलीच वेळ.

भित्री मी आहेच. कुणालाही फोन लावला की आधी ती रेकॉर्ड केलेली बाई बोलते, अनोळखी लिंक उघडू नका, कुणाला पासवर्ड सांगू नका. बाकीचे तिला शिव्या देतात. मी ऐकून घेते. इतक्या कळकळीनं मला दुसरं कोण काय सांगतं? वाटेनं येताना डोक्यात एकच. समजा हे परीक्षेच्या साइटचं सोंग घेतलेलं चोराचं पान असलं, मी नंबर आणि पासवर्ड भरला, आणि तो माझ्या नावानं आत गेला, तर? माझ्या जागी चोर परीक्षेला बसला तर निदान बीजगणित तरी सुटेल, असंही एकदा मनात आलं. आणि समजा चोरबीर कुणी नाही, मी उगाच घाबरून दाबलं नाही आणि उद्याची संध्याकाळ गेली, तर? तर जूनमध्ये त्या चुलीपुढं दुसरी बाई.

घरी मावशी अंगणात हरभऱ्याचे वाळलेले घाटे बडवत बसली होती. माझं तोंड पाहून म्हणाली, "काय झालं? कुनी मेलं का?"

"हॉलतिकीट निघंना, मावशी."

तिनं हात झटकले आणि सरळ लेकाला फोन लावला. तो पुण्याला कंप्युटरमधलंच काहीतरी करतो. मावशीनं फोन मोठ्या आवाजावर टाकून हरभऱ्याच्या पाटीवर उभा केला, जसं काही देवघरात मांडलाय.

"ताई, 'पुढे जा' दाबलं नाही ना?" त्यानं पहिलं तेच विचारलं.

"न्हाई, दादा."

"शाबास."

पुण्याहून आलेली शाबासकी मी ठेवून घेतली.

मग त्यानं समजावलं, आणि कधी नव्हे ते मला समजलंही. प्रत्येक साइट दारात आपलं ओळखपत्र दाखवते. त्यावर तिचं नाव, ते देणाऱ्याचा शिक्का, आणि कधीपासून कधीपर्यंत चालेल ती मुदत. आपला फोन नाव बघतो, शिक्का बघतो, आणि मुदत स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतो. सगळं बरोबर असलं तर दोघं कुलूप लावून आपसात बोलतात, मधल्या कुणाला त्यातलं अक्षर कळत नाही. एक जरी गोष्ट चुकली तर फोन ओरडतो.

"तिथं 'प्रमाणपत्र पाहा' असेल, ते दाबा. त्यानं काही होत नाही. मुदत कधीपर्यंतची आहे?"

मी वाचलं. "एप्रिल."

"गेल्या वर्षीचा? मग संपली असेल मुदत."

"ह्याच वर्षीचा, दादा. एप्रिल अजून यायचाय. मावशी हरभरा करून राह्यली."

मग तो म्हणाला, "ताई, वरून बोट ओढा आणि फोनात आज तारीख काय आहे ती वाचा."

मी बोट ओढलं. वाचलं. पुन्हा वाचलं. "जून," मी म्हटलं. "बुधवार आहे."

"जून? जून कसा काय?"

"आसंल की," मावशी हरभऱ्यातून बोलली. "मीच नेलाय त्याला जूनात."

मी फोन परत पाटीवर टेकवला.

"काहून पण, मावशी?"

"अंगारकी पाहायला."

त्याचं असं झालं होतं. पंचांगाचं ते ॲप उघडलं की आजचं पान दाखवतं. पुढचं पान बघायला बोट सरकवलं की सोन्याची जाहिरात, नाहीतर साखरेच्या आजाराच्या गोळ्या. मावशी वैतागली. मग तिला मी शिकवलेलं आठवलं. तिनं फोनाची तारीखच पुढं सारली आणि पंचांग उघडलं. पुन्हा सारली, पुन्हा उघडलं. मार्च, एप्रिल, मे असं करत ती बाई काल एका बसणीत जूनपर्यंत गेली. मंगळवार आणि संकष्टी एका दिवशी आले तेव्हा थांबली.

"आई, मग परत मागं नाही का आणायचं?" पुणं कळवळलं.

"मागं कशाला? येनारच हाय न्हाई का जून? थांबू दे त्याला तिथं, आपुन येतो मागून."

"पण निदान मार्चची, मेची चतुर्थी नव्हती का गं? जूनपर्यंत कशाला जायचं?"

"आरं, अंगारकी पायजे. तीबी निकालानंतरची." मग ती माझ्याकडं न बघता घाटे बडवू लागली. "राजूरच्या गनपतीला बोललेय मी. पोरगी पास झाली की अंगारकीला घिऊन येते. हिच्याच गावाकडचा देव हाय, म्हनलं वळखीवर तरी करंल काम."

बोलले असते तर पुस्तकातलं बोलले असते. माझ्या पास होण्यासाठी मावशीनं नवस केला, नवसासाठी अंगारकी शोधली, अंगारकीसाठी फोन जूनात नेला, आणि जूनातल्या त्या फोनानं माझ्या परीक्षेलाच दारात उभं केलं होतं. फोनाची काय चूक? तो बिचारा आपल्या घड्याळाप्रमाणं बरोबर वागत होता. एप्रिलला संपलेलं ओळखपत्र घेऊन जूनात आलेल्याला कोण आत घेईल? मला तर कुणी घेतलं नसतं.

मी तारीख फेब्रुवारीत आणली. पान पुन्हा उघडलं. लाल त्रिकोण गेला, वर एवढंसं कुलूप आलं. नंबर, पासवर्ड. आत गेले. आणि तिथं मी होते: फोटोत भेदरलेली, खाली नाव, परीक्षेचं केंद्र, बैठक क्रमांक. मी ते उतरवून घेतलं आणि पुण्याला सांगितलं, "निघालं, दादा."

"आता वेळ आपोआप वर टाकून द्या," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मी सेटिंगमध्ये गेलेच होते, तेवढ्यात मावशी म्हणाली, "ते धा मिनटं ऱ्हाऊ दे हां. आपल्या घड्याळात फरक नको."

राहू दिली. दहा मिनिटांनी कुणाचं ओळखपत्र संपत नाही, हे आता मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट आली. मी कागद काढायला भाऊंकडं गेले. "दाबलंच ना शेवटी 'पुढे जा'?" ते खुशीत म्हणाले. मी म्हटलं, "न्हाई भाऊ, चार महिने मागं गेले." ते समजले नाहीत. मीही समजावलं नाही, त्यांच्याकडं आख्ख्या गावाच्या किल्ल्या होत्या, त्यांना कशाची कमी.

परीक्षेला मावशीच्या घड्याळानं निघाले आणि केंद्राचं फाटक उघडायच्या आत तिथं उभी होते. पास झाले. बीजगणितात काठावर, पण काठाच्या आत. वसतिगृहाच्या बाईंनी गुणपत्रिकेची झेरॉक्स वर पाठवली, आणि वरून एकदाचं माझ्या बाजूचं काहीतरी आलं.

जूनात अंगारकीला राजूरला गेलो. रांग रस्त्यापर्यंत आली होती. माझ्या गावाकडची माणसं शोधत मी मान वळवत होते, तर मावशीनं पिशवीतून फोन काढून माझ्या नाकाशी धरला.

"पाह्य. मंगळवार, चतुर्थी. बराबर तोच दिवस. मी काय खोटं पाह्यलं होतं?"

खोटं नव्हतंच. फक्त लवकर पाहिलं होतं. मी मान डोलावली आणि रांगेत एक पाऊल पुढं सरकले. दहावीचं प्रमाणपत्र माझ्या पिशवीत होतं, देवाला दाखवायला आणलेलं. त्यावर मुदत लिहिलेली नाही. मी उलटून पालटून पाहिलंय.