कूलरचं तोंड

मी नागपुरातल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. माणसाला जे सोसवत नाही ते तो मनाच्या तळाशी ढकलतो आणि ते भलत्याच वाटेनं वर येतं, हे दरवर्षी फळ्यापाशी उभं राहून सांगतो. मुलं मुकाट्यानं लिहून घेतात.

मार्चमध्ये बाबा गेले. मी रडलो नाही. भेटायला येणारे खांद्यावर हात ठेवायचे, तेव्हा मला त्या हाताचं वजन तेवढं कळायचं. हॉलच्या कोपऱ्यातली त्यांची खाट मीच उचलून गच्चीवर नेऊन ठेवली. तेव्हाही काही वाटलं नाही.

ऊन तापलं तसा कूलर काढला, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, टाकीत पाणी भरलं. दुपारी जेवून आम्ही दोघं हॉलमध्ये आडवे झालो. बायको घामानं निथळत होती. शेवटी वैतागून उठून बसली.

"अहो, कूलरची हवा तिकडे काहून करून राहिले तुम्ही? तिकडे कोण आहे?"

मी पाहिलं. कूलरच्या सगळ्या पट्ट्या खाट होती त्या रिकाम्या कोपऱ्याकडे वळलेल्या होत्या. बाबांना उकाडा अजिबात चालायचा नाही, म्हणून दर उन्हाळ्यात मी त्या तशाच वळवायचो. उठून तिथल्या भिंतीला हात लावला. गार होती.

"चुकून झालं," मी म्हणालो आणि पट्ट्या सरळ केल्या.

वर्गात 'चुकून' हा शब्द मी कोणाला वापरू देत नाही.